हरवलेलं अधिक्रमण

मृणाल भिलारेचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. साताऱ्याच्या तारकामापन केंद्रात ती चौदा वर्षं नोकरीला होती. यंत्रानं रद्दबातल ठरवलेल्या नोंदी माणसाच्या नजरेखालून एकदा जाव्यात असा नियम होता, आणि ती नजर मृणालची होती. ग्रह शोधणारे लोक वेगळे, त्यांची नावं पेपरात यायची. मृणाल सुपाबाहेर पडलेलं चाळणारी. कधी त्यात एखादा दाणा सापडे, बहुतेक वेळा कोंडाच.

२०५७च्या फेब्रुवारीत तिच्यासमोर एक नोंद आली. शेरा होता: 'खाच नाही. उपकरणातला दोष.'

ही खाच म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह डोळ्यांना दिसत नाही. मैलभर लांब पेट्रोमॅक्सची बत्ती जळत असेल आणि तिच्या काचेवरून मुंगी चालत गेली, तर मुंगी कुठली दिसायला? पण उजेड मोजणारं पुरेसं नाजूक यंत्र हाताशी असेल, तर मुंगी काचेवर आहे तेवढा वेळ उजेड किंचित उतरलेला कळतो. ग्रह ताऱ्यासमोरून आडवा जातो तेव्हा हेच होतं. त्याला अधिक्रमण म्हणतात. प्रकाशाच्या आलेखात तेवढ्या जागी एक खाच पडते. खाच किती खोल त्यावरून ग्रह केवढा ते कळतं, आणि दोन खाचांमधल्या दिवसांवरून त्याचं वर्ष किती ते. आपला सूर्य कुणी लांबून न्याहाळला, तर पृथ्वी आडवी जाताना त्याचा उजेड बारा हजारांत एक भाग कमी होईल. तेरा तास. मग पुन्हा वर्षभर काही नाही.

मृणालच्या समोरचा तारा बत्तीस प्रकाशवर्षांवरचा. त्याच्या ग्रहाचं वर्ष एक्केचाळीस दिवसांचं, आणि गेली सव्वीस वर्षं दर एक्केचाळीस दिवसांनी त्याची खाच बिनचूक पडत आली होती. या खेपेला पडली नाही.

तिनं उपकरणाच्या नोंदी तपासल्या. दोष नव्हता. त्याच रात्री त्याच दुर्बिणीनं पाहिलेले बाकीचे सगळे तारे व्यवस्थित होते. तिनं कागदावर तारीख लिहून ठेवली आणि एक्केचाळीस दिवस थांबली.

मार्चअखेरीसही खाच आली नाही.

डॉ. यास्मिन शिकलगार या विभागाच्या प्रमुख. साठीला टेकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. मृणालनं दोन्ही आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले.

"ग्रह कुठे जाईल?" मॅडम म्हणाल्या. "कक्षा थोडी कलली असेल."

"एका फेरीत कक्षा कलत नाही मॅडम. कलली असती तर खाच आधी उथळ होत गेली असती."

मॅडमनी चष्मा काढला. "रंग वेगळे करून पाहिलेस?"

ते मृणालनं केलं नव्हतं. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून बघायचं काम तिच्याकडे नसे. मे महिन्यात, तिसऱ्या अधिक्रमणाच्या वेळी, मॅडमनी मोठी दुर्बीण मागून घेतली आणि दोघींनी मिळून ते केलं. सकाळी साडेदहाला पडद्यावर आकृती उमटली.

खाच होती. नेहमीइतकीच खोल, नेहमीच्याच वेळी. पण तिच्यात भर घातलेली होती. ग्रहानं जितका प्रकाश अडवला, तितकाच प्रकाश कुणीतरी वरून ओतला होता, केसासारख्या बारीक सात रंगरेषांमध्ये. अशा रेषा ताऱ्यातून येत नाहीत. अशा रेषा लेझरमधून येतात. अधिक्रमण सुरू होताच रेषा हळूहळू उजळल्या होत्या आणि ते संपताच विझल्या होत्या. साधं उजेड मोजणारं यंत्र फसेल इतका नेमका तो हिशेब होता.

"कुणीतरी स्वतःचा ग्रह झाकतंय," मृणाल म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"हो." मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला. "कुणापासून झाकतंय, ते कळलं का तुला?"

"नाही."

"लेझरचा झोत सगळीकडे पसरत नाही. ज्याच्यावर रोखला त्यालाच तो दिसतो. त्यांना दुसऱ्या कुणापासून लपायचं असतं, तर आपल्याला जुनी खाच तशीच दिसत राहिली असती."

तो झोत बत्तीस वर्षं प्रवास करून इथे, या टेबलापर्यंत पोचला होता. तो इकडेच रोखलेला होता.

मग तिनं केंद्रातला सगळा जुना कोंडा पुन्हा पाखडला. आणखी तीन सापडले. एकवीस प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाची खाच २०३५ मध्ये बंद झाली होती, पंचवीसवरच्याची २०४२ मध्ये, एकोणतीसवरच्याची २०४९ मध्ये. त्या त्या वेळी कुणी कक्षेला दोष दिला होता, कुणी यंत्राला. चौघांच्याही खाचेत त्याच बारीक रेषा. चारही तारे आकाशाच्या चार वेगळ्या दिशांना होते. चार दिशांनी रोखलेले झोत एकाच ठिकाणी येऊन मिळत होते, आणि त्या ठिकाणी आपण राहत होतो.

बेरीज-वजाबाकी शाळकरी पोरालाही जमेल अशी होती. त्यांनी इथलं काही पाहिलं असेल, तर ते दृश्य तिथे पोचायला जितकी वर्षं, तितकीच त्यांचा झोत इकडे यायला. तारीख घ्यायची आणि अंतराची दुप्पट वजा करायची. उत्तरं आली: १९९३, १९९२, १९९१, १९९३. तयारीला कुणाला वर्ष लागलं असेल, कुणाला दोन. म्हणजे जे काही घडलं ते १९९१च्या सुमारास.

बातमी जाहीर झाली तेव्हा जगभर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उघडल्या गेल्या. युद्ध, एका देशाचे झालेले तुकडे, एक ज्वालामुखी. बहुतेकांनी सोपा अर्थ लावला: ते आपल्याला घाबरतात. काहींना त्याचा अभिमानही वाटला. चॅनेलवर कुणीतरी हे विचारलं तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घाबरण्यासारखे आपण १९४५ पासूनच होतो. त्यांनी १९९१ कशाला धरलं असतं? त्या साली त्यांना आपल्या आसपास काहीतरी दिसलंय. ते आपण आहोत असं मला वाटत नाही."

त्या रात्री दिवे न मालवता झोपलेली घरं खूप असतील. भिलाऱ्यांचं एक होतं.

*

मृणालचा नवरा हृषीकेश हा रडारचा माणूस. दहिवडीच्या पुढे माळरानावर अवकाशातला कचरा मोजणारं मोठं रडार उभं होतं. निकामी उपग्रहांचे तुकडे, तुटके पत्रे, सुटे बोल्ट यांचा हिशेब ठेवणारं. रडारचा झोत आकाशात सोडायच्या कामाचा, म्हणजे प्रक्षेपणाचा, प्रमुख हृषीकेश. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी यायचा. वीस वर्षं त्यानं हे काम मन लावून केलं होतं आणि वीस वर्षांत नातेवाइकांपैकी एकानंही त्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

आता सगळं बदललं. आपल्या आसपास काही असेल तर ते शोधायला हवं, असं देशोदेशींच्या समितीनं ठरवलं. आतापर्यंतची ताकदवान रडारं ग्रहांवर आणि लघुग्रहांवर रोखली जायची, आणि ते सगळे सूर्याभोवतीच्या एकाच चकतीत फिरतात. चकतीच्या वरचं आणि खालचं आकाश कुणी कधी धुंडाळलंच नव्हतं. तीन देशांतली तीन रडारं ते वाटून घेणार होती. पहिला मान दहिवडीचा होता. दिवस ठरला सोमवार, बारा नोव्हेंबर, सकाळी अकरा.

दिवाळीच्या सुट्टीत जेवायच्या टेबलावर हृषीकेश हे पूर्वाला समजावून सांगत होता. पूर्वा त्यांची मुलगी, नववीत.

"म्हणजे बाबा, अंधाऱ्या खोलीत कुणी आहे का बघायला आपण 'कोण आहे' असं ओरडणार?"

"ओरडणार नाही. बॅटरी मारणार."

"ते एकच झालं," मृणाल म्हणाली.

हृषीकेशनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "मग काय करायचं? डोळे मिटून बसायचं?"

"चौघांनी तेच केलंय. चौघंही आपल्याहून शहाणे दिसतात."

"भीती वाटते हे कारण होत नाही मृणाल. समितीला मी काय लिहून देऊ? माझ्या बायकोला बरं वाटत नाहीये?"

पूर्वा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आई, ते चौघं अजून आहेत ना?"

"आहेत. त्यांचे लेझर अजून वेळेवर लागतात."

"आणि ज्यांनी लपवलं नाही, ते?"

हा प्रश्न केंद्रात कुणी विचारला नव्हता. एकवीस प्रकाशवर्षांच्या आत कुणीच लपलेलं नव्हतं. तिथे राहणारं कुणी नसेलच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

*

प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ती एकटीच केंद्रात गेली. लपलेल्यांच्या नोंदींत नव्हे, चुकीच्या ठरवलेल्या शोधांच्या नोंदींत तिनं शोधायला सुरुवात केली. ग्रह सापडला म्हणून जाहीर झालं आणि मग तो नव्हताच असं म्हणून खोडला गेला, अशी ती यादी. दुपारपर्यंत तिला हवं ते मिळालं. मिळायला नको होतं, असं तिला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं.

अकरा प्रकाशवर्षांवरचा एक मंद लाल तारा. २०२९ मध्ये त्याच्याभोवती ग्रह सापडला होता. सात वर्षं खाच पडत होती. २०३६ मध्ये ती बंद झाली, आणि ज्यांनी शोध लावला होता त्यांनीच माफी मागून तो मागे घेतला. मृणालनं रंग वेगळे केलेल्या जुन्या नोंदी मागवल्या. लेझरची एकही रेषा नव्हती. कुठल्याच रंगात खाच नव्हती. ग्रह झाकलेला नव्हता.

मात्र खाच बंद झाल्यावर वर्षभर तो तारा वेडावाकडा मंदावत होता. कधी किंचित, कधी बराच, कसल्याही ठरावीक वेळेविना, आणि मंदावताना तांबूस दिसत होता. समोरून धूळ जाते तेव्हा तारा असा दिसतो. पुष्कळ धूळ.

तिनं त्याच ताऱ्याच्या आणखी जुन्या नोंदी काढल्या. २०१४ मध्ये कुठल्याशा सर्वेक्षणात तो भडकताना दिसला होता. लाल तारे अधूनमधून भडकतातच, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. पण हे भडके सारख्या अंतरानं, सारख्या उंचीचे होते, आणि तीन वर्षं रोज चालले होते. तारा असा भडकत नाही. कुणीतरी खुणा करत होतं, आणि आपल्याच दिशेनं.

२०१४ला खूण इथे पोचली. ती ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत पोचली असणार. इथून काही प्रकाशाच्या वेगानं तिकडे निघालं असेल, तर ते पोचायला अकरा वर्षं. तिथे जे झालं ते आपल्याला दिसायला आणखी अकरा. चौदा अधिक बावीस. छत्तीस.

मृणालनं बेरीज तीनदा केली. मग खुर्ची मागे सारून उभी राहिली आणि मॅडमना फोन लावला.

*

मॅडमना तिनं रविवारी संध्याकाळीच सगळं दाखवलं. त्यांनी समितीतल्या ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. उत्तर सोमवारी सकाळी साडेआठला आलं: मुद्दा महत्त्वाचा आहे, दुपारी तीनच्या बैठकीत घेऊ. हृषीकेश तयारीसाठी त्या शनिवार-रविवारीही रडारवरच राहिला होता, आणि तिथल्या आवारात मोबाइल चालत नसत. पाच किलोमीटरच्या परिसरात ते बंदच ठेवावे लागत. लँडलाइनवरच्या माणसानं भिलारेसाहेब कंट्रोल रूममध्ये आहेत, निरोप देतो, एवढंच सांगितलं.

"तू जा," मॅडम म्हणाल्या. "मी इथे फोनवर बसते. त्याला कागद दाखव. इंजिनिअर आहे, कागद वाचेल."

तिनं गाडी काढली. पुसेगावपर्यंत तिला रस्ता कसा गेला ते आठवत नाही. तिथे बाजाराच्या दिवसासारखी गर्दी होती. माणसं उसाचा रस पीत होती, पोरं शाळेत चालली होती, एका म्हातारीनं रस्ता ओलांडताना गाडीला हात दाखवून थांबवलं आणि सावकाश पलीकडे गेली. मृणालला ओरडावंसं वाटत होतं. काय ओरडायचं ते मात्र सुचत नव्हतं.

साडेदहाला ती फाटकावर पोचली. पहारेकरी तिला ओळखत होता. कंट्रोल रूममध्ये सातआठ माणसं पडद्यांसमोर बसली होती आणि हृषीकेश इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात मधोमध उभा होता. तिला बघून आधी तो हसला. मग तिचा चेहरा त्याच्या लक्षात आला.

"पूर्वा ठीक आहे ना?"

"ठीक आहे. हे वाच. फक्त वाच, आत्ताच."

त्यानं कागद घेतले आणि उभ्यानं वाचायला लागला. दुसऱ्या पानावर त्यानं खुर्ची ओढली. चौथ्या पानावर बोट ठेवून तो त्या आकड्यांकडे बघत राहिला. चौदा, बावीस, छत्तीस.

"यात चूक असू शकते?"

"असू शकते. मला तेच हवंय. पण ती शोधायला वेळ दे."

हृषीकेश उठला. प्रक्षेपणाच्या टेबलाशी गेला, किल्ली फिरवून काढली आणि खिशात टाकली. खोलीतली माणसं वळून बघायला लागली. "आजचं प्रक्षेपण थांबवतोय," तो म्हणाला. "माझ्या जबाबदारीवर. समितीला कळवा."

ती भिंतीला टेकली. वीस वर्षांत त्याच्या वाट्याला आलेला एकच दिवस त्यानं अर्ध्या मिनिटात सोडून दिला होता. त्याच्याबद्दल इतकी माया तिला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

"हृषी?"

"बाहेर ये जरा."

ऊन चढलं होतं. माळावर शेकडो अँटेना एका रांगेत उभ्या होत्या. त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले, खाली घातले, पुन्हा ठेवले.

"सकाळी चाचणी घेतली," तो म्हणाला. "नऊ दहाला. मोठ्या प्रक्षेपणाआधी घ्यावीच लागते. सहा सेकंदांची."

"कुठे?"

"उत्तरेला. ध्रुवाच्या बाजूला. तिकडे उपग्रह कमी, म्हणून रिकामं आकाश बघून..." त्यानं उत्तरेकडे बोट दाखवलं. "चार ठोके. दोन आखूड, एक लांब, एक आखूड. मीच ठरवले होते."

सुटलेला झोत परत बोलावता येत नाही. आत्तापर्यंत तो शनीच्या अंतरापलीकडे गेला होता आणि पुढे चाललाच होता.

*

त्या दिवशी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकण्याची यंत्रणा चालू ठेवली. जेवणाचे डबे कुणी उघडले नाहीत. दुपारी तीनच्या बैठकीत समितीनं तिन्ही रडारं थांबवली, तसं फोनवर कळलं, आणि दोघातिघांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. ध्रुव कधी मावळत नाही, त्यामुळे आकाशाचा तो तुकडा दिवसभर समोरच होता. पडद्यावर नुसती खरखर. चार वाजले तेव्हा हृषीकेश म्हणाला, "तिकडे काही नाहीये. रिकामंच आहे." मृणालनं मान हलवली. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

चार बावन्नला खरखरीतून ठोके आले.

आखूड, आखूड, लांब, आखूड.

रडारचा प्रतिध्वनी पाठवलेल्या झोतापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतो. त्या अंतरावरून तो त्यांच्या यंत्राला ऐकूही यायला नको होता. हा आला तो पाठवलेल्यापेक्षा जोरकस होता. सुया टोकाला जाऊन आदळल्या. तो प्रतिध्वनी नव्हता. आणि चार ठोके संपल्यावर अगदी थोडं थांबून एक पाचवा ठोका आला. लांब.

तो पाचवा हृषीकेशनं पाठवलेला नव्हता.

खोलीत कुणीतरी रडायला लागलं. हृषीकेश घड्याळाकडे बघत यांत्रिकपणे आकडे बोलत होता. सात तास बेचाळीस मिनिटं. निम्मे, तीन तास एक्कावन्न. चारशे कोटी किलोमीटरांहून जास्त. नेपच्यून जेवढा लांब आहे त्याच्या थोडं अलीकडे, पण ग्रहांच्या चकतीच्या पार वर, जिथे काहीच असायला नको.

दुसऱ्या दिवशी चार बावन्नला ते पाच ठोके पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. बरोबर चोवीस तासांनी. आपला दिवस केवढा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

*

याला आता दोन वर्षं झाली.

काही घडलेलं नाही. लोक विचारतात तेव्हा मृणाल हेच सांगते, आणि ते खरं आहे. ठोके रोज येतात. उत्तर गोलार्धातल्या कुठल्याही बऱ्यापैकी अँटेनाला ते ऐकू येतात. उत्तर द्यायचं नाही असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलं. असा सगळ्यांनी पाळलेला ठराव माणसाच्या इतिहासात दुसरा नसेल. मोठी रडारं बंद झाली, त्यांच्या किल्ल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. हौशी रेडिओवाल्यांचे संच जमा करून घेतले.

अकरा प्रकाशवर्षांवरच्या त्या ताऱ्याचे भडके शिकलगार मॅडमनी पुन्हा तपासले. आधी सगळ्यांना वाटलं होतं की त्या लोकांनी आपण होऊन हाक मारली आणि त्याची शिक्षा भोगली. आता मॅडमना तसं वाटत नाही. त्यांच्या मते त्या लोकांनाही रोज ठोके येत होते, आणि किती तरी दिवस गप्प राहिल्यावर त्यांच्यातल्या कुणाला तरी राहवलं नाही. उरलेले चौघं गप्प राहिले. त्यांचे लेझर अजून वेळेवर लागतात. मृणाल दर खेपेला स्वतः तपासते.

म्हणजे गप्प राहणं पुरेसं आहे, असं धरून चालायचं. एक हजार कोटी माणसांनी, रोज.

गेल्या वर्षी एका दूरच्या बेटावर एका माणसाला पकडलं. त्यानं जुन्या गोदामात प्रक्षेपक जोडला होता. सहा महिने खपून, एकट्यानं. तो वेडा नव्हता. शाळेत गणित शिकवायचा. कशासाठी केलंस, असं विचारल्यावर म्हणाला, "कुणी रोज विचारतंय आणि आपण उत्तर देत नाही, हे मला सहन होईना."

ती मुलाखत हृषीकेशनं तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा मृणाल दारात उभी होती, ते त्याला ठाऊक नव्हतं.

रडार बंद झाल्यापासून तो घरीच असतो, पण त्याची नोकरी गेली नाही. उलट, वेळेवर किल्ली काढली म्हणून त्याचा सत्कार करायचं चाललं होतं, तो त्यानं नाकारला. सकाळच्या चाचणीबद्दल त्याला कुणी दोष दिला नाही. तो स्वतः मात्र रात्री-अपरात्री उठून बसतो. एकदा म्हणाला, "त्याला मीच उठवलं मृणाल. चार ठोके माझे होते. बाकीच्या कुणाशी ते बोलत नाहीये, ते माझ्याशी बोलतंय."

"ते कुणाशीही बोलत नाहीये."

"मग पाचवा का वाढवला? पुढचा कुणीतरी द्यावा म्हणूनच ना?"

त्यानंतर तिनं त्याची माळ्यावरची हत्यारांची पेटी शेजारच्यांकडे नेऊन ठेवली. पेटीखाली तारांची दोन वेटोळी सापडली, ती आधी नव्हती. कशाला आणली ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मॅडमना कळवावं का, यावर तिनं आठवडाभर विचार केला. एका संध्याकाळी फोन हातात घेऊन नंबर लावला आणि कळवलं. तेव्हापासून घरासमोरच्या रस्त्यावर एक करडी गाडी उभी असते. ती कशासाठी आहे ते हृषीकेशला माहीत आहे. कुणी सांगितलं असेल, तेही. तो तिला काही बोलला नाही. पूर्वाला मात्र त्यानं सांगितलं, "तुझ्या आईनं बरोबर केलं."

मृणालनं केंद्रात लवकर सुटायची परवानगी मागून घेतली. रोज साडेचारपर्यंत ती घरी येते. दोघं पुढच्या खोलीत सोफ्यावर शेजारी बसतात. खिडकीबाहेर ऊन उतरत असतं, शाळेच्या बस येत असतात. घरात ठोके ऐकू येण्याचं काही साधन नाही, आणि तशी गरजही नाही. चार बावन्न झाले की हृषीकेशची बोटं आपोआप हलायला लागतात. मृणाल त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेते. तळव्यावर तिला ते जाणवतात: आखूड, आखूड, लांब, आखूड. मग थोडं थांबून पाचवा, लांब.

त्यानंतर त्याचं बोट पुन्हा उचललं जातं. ती ते मुठीत घट्ट दाबून धरते, आणि पाच वाजेपर्यंत सोडत नाही.